एका रुपयाचे सूत : शिकल्यासवरल्यांना चरखा कोणी शिकवला?

१/
चरखा आणि महात्मा गांधी ही जोडी इतकी परिचयाची झाली आहे की, गांधीजींना सूत कातणे उपजतच येत असावे असे वाटावे. वस्तुस्थिती वेगळी होती. १९०९ साली ‘हिंद स्वराज’ लिहिताना त्यांनी चरखा पाहिलेलाही नव्हता. १९१५ साली ते भारतात परतले, तेव्हाही तो त्यांच्या दृष्टीस पडलेला नव्हता. ही कबुली त्यांनी आत्मकथेत स्वतःच दिली आहे. वयाच्या पन्नाशीच्या आसपास असलेला एक बॅरिस्टर आणि त्याच्याबरोबर सुशिक्षितांची एक पिढी कातणे कशी शिकली, आणि त्या शिकण्याने तिची समजूत कशी पालटली, याचा हा धागा. #इतिहास #धागा

२/
प्रथम एक प्रश्न. ज्या देशाचे सुती कापड शतकानुशतके जगभर जात होते, तेथे चरखा शोधावा का लागला? एकोणिसाव्या शतकात आधी लँकेशायरचे आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांचे सूत बाजारात आले. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालची. गिरणीचे सूत स्वस्त, एकसारखे आणि हवे तितके मिळणारे होते. विणकराने ते आपल्या मागावर चढवले आणि तो कसाबसा तगून राहिला. कातणाऱ्या स्त्रीजवळ मात्र असा कोणताच पर्याय नव्हता. म्हणून हातमाग टिकले आणि चरखे माळ्यावर गेले.

३/
साबरमतीच्या आश्रमात नेमका हाच पेच उभा राहिला. माग आणले, विणणे शिकले. पण सूत गिरणीचेच. स्वावलंबनाची साखळी पहिल्याच कडीपाशी तुटत होती. १९१७ साली भडोच येथील शिक्षण परिषदेत गांधीजींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी भेट झाली आणि चरख्याच्या शोधाचे काम या धाडसी विधवा स्त्रीने अंगावर घेतले. बराच शोध घेतल्यावर बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो सापडला. अनेक घरांत चरखे होते, पण अडगळीत पडलेले. पेळू मिळत असतील आणि सूत विकत घेतले जाणार असेल, तर कातण्याची तेथील लोकांची तयारी होती.

४/
पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची हलक्या हाताने वळलेली, बोटाएवढी नळी. कातणे तिच्यापासून सुरू होते, पण कातण्याचे यश तिच्याही आधी ठरते. कापसातून सरकी काढायची, मग पिंजणाची तात त्या कापसात झंकारत तंतू मोकळे करायचे आणि मग पेळू वळायचे. पिंजण नीट झाली नसेल, तर कसलेल्या हातालाही चांगले सूत निघत नाही. प्रारंभी उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पुरवले. परंतु गिरणीच्या पेळूपासून काढलेल्या सुताला हातसूत कसे म्हणावे, हा प्रश्न गांधीजींना सतावू लागला. अखेर गंगाबेननी पिंजारी शोधला आणि काही तरुणांना पेळू करण्यास शिकवले.

५/
याच सुमारास, १९१८-१९ मध्ये, आजारी गांधीजी मुंबईत रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या घरी राहत होते. तेथे त्यांना कातणारी दोन माणसे भेटली. एक शेर सुताला ती एक रुपया घेत. हा शेर २८ तोळ्यांचा. विजापूरच्या दराशी तुलना केल्यावर आपण फसवले जात आहोत, असे गांधीजींना वाटले. त्या दोघांनी दर कमी करण्यास नकार दिला आणि त्यांचे काम बंद करण्यात आले.

६/
मात्र तोवर एक मोठे काम होऊन गेले होते. त्या दोघांनी अवंतिकाबाई, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकर यांच्या मातोश्री आणि वसुमतीबेन यांना कातणे शिकवले होते. अवंतिकाबाई म्हणजे गांधीजींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई गोखले. रस्त्यावरून तात वाजवत जाणाऱ्या, गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून पेळूंसाठी कापूस पिंजून घेण्यात आला. गांधीजींच्या खोलीत चरख्याची घरघर सुरू झाली. आत्मकथेत शिष्यांची नावे आहेत. शिकवणाऱ्या त्या दोघांची आणि पिंजाऱ्याची नावे नाहीत.

७/
शिकणाऱ्यांना नेमके काय शिकावे लागले? उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हातात पेळू असतो. चातीच्या टोकाशी तिरका कोन साधून हात मागे नेला की, प्रत्येक फेऱ्यागणिक धागा टोकावरून निसटतो आणि त्याला एक पीळ बसतो. हातभर धागा तयार झाला की चाक किंचित उलटे फिरवायचे, धागा चातीशी काटकोनात आणायचा आणि चाक पुन्हा सुलटे फिरवून तो गुंडाळायचा. वर्णन चार वाक्यांत संपते. हाताला ते उमजायला आठवडे लागतात.

८/
अडचण अशी की, पीळ धाग्यावर समान वाटला जात नाही. जेथे धागा बारीक असेल तेथे तो आधी धावतो. जाड भाग सैल राहतो. नवख्याचे सूत म्हणून एकीकडे अतिपिळाने कडक होऊन तुटते आणि दुसरीकडे पिळाअभावी तंतू सुटून निसटते. जाडी बोटांतून पेळू सुटण्याच्या गतीवर अवलंबून असते आणि ती गती चाकाच्या गतीशी जुळावी लागते. अशा सुताचा ताणा मागावर टिकत नाही. विणकर हातसुताला नाके मुरडत, ते आडमुठेपणाने नव्हे. तुटलेला प्रत्येक धागा त्यांना थांबून सांधावा लागे आणि तो वेळ त्यांच्या मजुरीतून जाई.

९/
यापुढे ही कला राजकारणाच्या मध्यभागी आली. १९२१ साली बेजवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने वीस लाख चरखे चालू करण्याचे लक्ष्य ठेवले. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले आणि एक अभूतपूर्व नियम आला : काँग्रेसचे सदस्य व्हायचे असेल, तर वर्गणी पैशांत नव्हे, सुतात. दरमहा २००० वार. वकील, प्राध्यापक, संपादक, व्यापारी, सर्वांना एकच माप.

१०/
ही मागणी अवाजवी होती का? हिशेब पाहू. सुताचा ‘अंक’ म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती गुंड्या बसतात ती संख्या. दहा अंकी सुताचे एका पौंडात ८४०० वार होतात. म्हणजे २००० वार सुताचे वजन जेमतेम १०८ ग्रॅम. रोज अर्धा तास धरला तर महिन्याचे १५ तास, म्हणजे ताशी सुमारे १३३ वार. सरावलेला हात ताशी २५०-३०० वार कातू शकतो. कागदावर ही अट नवशिक्यालाही झेपण्याजोगी होती.

११/
तरीही ती वर्षभरही टिकली नाही. अर्ध्या तासाच्या कातण्यामागे कापूस, पिंजण, पेळू, चातीची दुरुस्ती आणि शिकवणारे कोणीतरी लागे. ठरावाने ते गावोगाव उभे राहत नव्हते. शिवाय ज्यांना कातणे अशक्य वा अप्रिय होते, त्यांना दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची सवलत होती. परिणामी अनेकांना सोपी वाट मिळाली : सूत विकत घ्या आणि जमा करा. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आणे वर्गणीचा पर्याय परत आला. त्याच वेळी खादीच्या कामासाठी अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला.

१२/
त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये चरख्याच्या संप्रदायावर कठोर टीका केली. सर्वांनी एकच यांत्रिक कृती दिवसेंदिवस करत राहावी यात त्यांना मनाचा कोंडमारा दिसत होता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिले. त्यांचा मुद्दा उपाशी माणसाच्या रिकाम्या वेळेचा होता : शेतीचे काम नसते त्या महिन्यांत त्याला घरबसल्या काय मिळणार? हा वाद आजही वाचण्याजोगा आहे, कारण दोघे दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत होते. एकाच्या नजरेसमोर कातायला बसवलेला सुशिक्षित होता, दुसऱ्याच्या नजरेसमोर पोटासाठी कातणारी स्त्री.

१३/
दरम्यान, शिकणाऱ्यांनी साधनाकडे लक्ष वळवले. मगनलाल गांधींनी आश्रमात चरख्याच्या रचनेत सुधारणा केल्या. त्यांच्या नावाचे मगन संग्रहालय १९३८ पासून वर्ध्यात आहे. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र दीडशे रुपयांहून महाग नसावे, वीस वर्षे टिकावे आणि एका स्त्रीला ते आठ तास थकवा न येता चालवता यावे, अशा अटी होत्या. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. पुण्याच्या येरवडा तुरुंगाचे नाव लाभलेला, पेटीत मिटणारा दोन चाकांचा ‘येरवडा चक्र’ मात्र घरोघर पोचला.

१४/
आता या कथेतील निर्णायक वळण. १९३५ साली गांधीजींनी खादी चळवळीलाच धारेवर धरले. खादी स्वस्त विकता यावी म्हणून आपण कातणाऱ्या स्त्रियांना उपासमारीची मजुरी देत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. आठ तासांच्या कामाला आठ आणे हा आदर्श त्यांनी पुढे ठेवला. खादी महागेल, खप घसरेल, असे आक्षेप आले आणि संघाला प्रत्यक्षात त्याहून बराच कमी दर ठरवावा लागला. पण कातणाऱ्याला किमान मजुरी द्यायचीच, हे तत्त्व मान्य झाले.

१५/
त्याच वर्षी वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांनी हा प्रश्न स्वतःवर घेतला. दिवसभर कातायचे आणि त्या वेळी चालू असलेल्या मजुरीत जेवढे बसेल तेवढ्यावरच जगायचे, असा प्रयोग त्यांनी केला. विनोबा वर्षानुवर्षे कातत आलेले, हाताने तरबेज. एवढे कौशल्य असूनही त्या मजुरीत पोटभर अन्न भागवणे किती कठीण आहे, हे त्यांच्या जेवणाच्या ताटातच दिसू लागले. नवशिक्या हाताची सबब येथे उरली नव्हती.

१६/
या प्रकाशात मुंबईतील त्या एका रुपयाकडे पुन्हा पाहता येते. २८ तोळे म्हणजे सुमारे ३२६ ग्रॅम. सूत आठ अंकी धरले, तर त्याची लांबी साधारण ४८०० वार. ताशी २५० वारांच्या वेगाने हे काम सुमारे १९ तासांचे. म्हणजे आठ तासांना साडेसहा आणे. कापूस आणि पिंजणावळ पदरची असल्यास त्याहूनही कमी. अंक आणि वेग येथे अंदाजाने धरले आहेत, तेव्हा हा हिशेब ढोबळच. त्यात आणखी एक गोष्ट : १९१८ मध्ये महायुद्धामुळे महागाई भडकली होती, तर १९३५ मध्ये जागतिक मंदीने भाव कोसळले होते. जो दर १९१८ साली फसवणूक वाटला, तो १९३५ साली न्याय्य म्हणून मांडलेल्या दराहून कमीच होता.

१७/
गांधीजींनी ‘त्या वेळी मला खादीचे अर्थशास्त्र ठाऊक नव्हते’ अशा अर्थाचे वाक्य याच प्रसंगाविषयी लिहिले आहे; मात्र त्यांचा रोख आपण जास्त पैसे मोजल्याकडे होता. पुढील पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी जवळपास नित्यनेमाने कातले, हजारो कातणाऱ्यांचे हिशेब पाहिले आणि ते उलट टोकाच्या निष्कर्षावर पोचले. याचे श्रेय एकट्या चरख्याला देता येणार नाही. खेड्यांत फिरणे, वर्ध्यातील वास्तव्य, सहकाऱ्यांचे अहवाल यांचाही त्यात वाटा होता. पण १०८ ग्रॅम सुतामागे किती तास जातात, हे ज्याने स्वतः मोजले आहे, त्याला सुताचा भाव केवळ बाजारभाव म्हणून पाहणे अवघड जाते.

१८/
म्हणून बेळगावचा नियम फसला, एवढ्यावर ही कथा संपवणे अपुरे ठरेल. त्या नियमाने काँग्रेसचे सदस्य वाढले नाहीत; परंतु ज्या कामाला कौशल्य म्हणून कोणी गणतच नव्हते, ते किती अवघड आहे याचा अनुभव अनेक शिकल्यासवरल्यांच्या बोटांनी घेतला. आज छंद म्हणून टकळी किंवा पेटी चरखा हाती घेणाऱ्या तरुणांचा पहिला धागाही दहा-वीसदा तुटेल. तुटलेली टोके पुन्हा पेळूला जोडताना मुंबईतील त्या दोन अनाम शिक्षकांची आठवण ठेवण्यास हरकत नाही. त्यांनी दर उतरवला नाही; त्या सुताला किती वेळ लागतो हे त्यांना पक्के ठाऊक असावे.