‘होऽ’ या कांजीत पाणी कुठून आलं?

जपानीचे क्लास आता ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीतही चालतात. तुम्ही त्यातले असाल, तर ‘होऽ’ ही कांजी तुम्हाला भेटली असेलच. आठ रेघा: डावीकडे पाण्याच्या तीन, उजवीकडे ‘जाणं’ दाखवणाऱ्या पाच. अर्थ: कायदा. ‘पाणी ठरल्या वाटेनेच जातं, म्हणून कायदा’ ही युक्ती पाठांतराला चालते. पुरावा म्हणून चालत नाही.

कारण जुन्या रूपात तिसराही भाग होता, एका काल्पनिक प्राण्याचा. इ.स. 100च्या सुमाराचा चिनी कोशकार शू शन सांगतो: पाणी म्हणजे समपातळी, आणि हा प्राणी खोट्या माणसाला ढुशी मारून घालवतो, म्हणून ‘जाणं’. पुढे लिहिणं सोपं करताना प्राणी गळला. हाही एका कोशकाराने लावलेला अर्थच, पण निदान त्याच्यामागे जुनं रूप आहे.

आता जोडशब्द बघा. ‘होऽरित्सु’ कायदा, ‘केम्पोऽ’ राज्यघटना, ‘बुम्पोऽ’ व्याकरण, ‘होऽसोकु’ न्यूटनच्या नियमांतला नियम, ‘होऽहोऽ’ पद्धत. मग ‘होऽवा’ हे कायद्यावरचं भाषण का नाही? ते आहे बौद्ध प्रवचन! चीनमध्ये बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात ‘धर्म’साठी हेच अक्षर रुळलं. कुमारजीवाने इ.स. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनीत आणलं; त्यातल्या ‘सद्धर्म’चा जपानी उच्चार ‘म्योऽहोऽ’.

हा धर्म आपल्या परिसरातलाच. 1882 मध्ये सोपाऱ्याला (तेव्हा ठाणे जिल्हा, 2014 पासून पालघर) भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषय धम्मयात्रा. त्याच ‘धम्म’साठी अशोकाच्या कंदाहारच्या ग्रीक लेखात ‘युसेबिया’, म्हणजे भक्तिभाव, असा शब्द आहे. शब्द एकच, ग्रीकमध्ये तो भक्तीकडे झुकला, चिनीत नियमाकडे.

म्हणून संशोधनात एखादी संज्ञा समोर आली की तिचा एका शब्दातला अर्थ टिपून पुढे जाऊ नका. ती कोणत्या जोडशब्दात आहे, कोणत्या काळातली आहे, कोणी कशासाठी भाषांतरित केली, हे आधी तपासा. आपण प्रयोगवहीत धातूचे ‘गुणधर्म’ लिहितो, तेव्हा लोखंडाचा धर्म कोणता, असं कोणी विचारत नाही. परक्या भाषेतल्या शब्दालाही तेवढीच मोकळीक द्या.