घोड्याला उलटी होत नाही : पोटशुळाची जुनी गोष्ट

नाशिकच्या मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एके काळी ट्राम जायची, असं आजच्या कॉलेजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना ते खरं वाटत नाही. पण ती होती. १८८९ साली सुरू झाली. सुरुवातीला तिचे दोन डबे चार घोडे ओढायचे. आठ-दहा किलोमीटरची वाट, आणि मधे बरंचसं रान. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत ती तोट्यापायी बंद पडली. मुंबईत तर १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या आणि कंपनीच्या तबेल्यांत सुमारे नऊशे घोडे होते. विजेची ट्राम आली ती १९०७ मध्ये.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात घोडा हे इंजिन होतं. आणि हे इंजिन अचानक बंद पडण्याचं एक मोठं कारण होतं पोटशूळ. गेल्या दोन लेखांत आपण माणसाचं बद्धकोष्ठ आणि आतड्याचा अडथळा यांबद्दल बोललो. त्यावर एका वाचकांनी विचारलं, "घोडा म्हणे साध्या पोटदुखीनं मरतो, ते खरं का?" खरं आहे. मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. तरीही हा विषय मला आवडतो, कारण आपलं पोट समजायला घोड्याचं पोट फार उपयोगी पडतं.

पोटाची रचनाच अवघड

पाचशे किलोच्या घोड्याचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं असतं. एवढ्या मोठ्या जनावराला हे अगदीच लहान. रानात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो, त्याला मोठं जठर लागतच नाही. गाय चारा आधी पुढच्या कप्प्यांत आंबवते आणि मग रवंथ करते. घोड्याचं आंबवण्याचं काम मागे, मोठ्या आतड्यात चालतं. तिथली अंधनाल, म्हणजे सीकम, तीसेक लिटरची पिशवी असते. आपल्यालाही सीकम आहे, पण छोटंसं. त्यालाच अपेंडिक्स लटकलेलं असतं. त्यापुढे घोड्याचं मोठं आतडं पोटात घडी घालून बसवलेलं असतं, आणि एका वळणावर ते एकदम अरुंद होतं. कोरडा, जाड चारा नेमका तिथे अडकतो.

यात भर म्हणजे घोडा उलटी करू शकत नाही. अन्ननलिका जठरात शिरते तिथला स्नायू इतका घट्ट आणि तो कोन असा तिरका, की आत गेलेलं वर येत नाही. आपण चुकीचं खाल्लं तर शरीर ते बाहेर फेकतं, आपल्याला दोन तास त्रास होतो आणि सुटतो. घोड्याला ही सोय नाही. जठरात वायू आणि पाणी साठत गेलं तर शेवटी जठर फुटू शकतं. मागे आतडं स्वतःभोवती पिळलं गेलं तर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत खेळ संपतो.

घोडा हे सगळं बोलून दाखवत नाही. पुढच्या खुराने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, ओठ वर उचलतो, बसतो-उठतो, घाम सुटतो, मग लोळायला लागतो. लीद बंद होते. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, म्हणजे आपल्यापेक्षा बरीच संथ. ती साठीच्या वर गेली आणि तिथेच राहिली की पशुवैद्याच्या कपाळावर आठी येते.

पागा आणि चंदी

मराठी मुलखात ही विद्या पुस्तकापेक्षा पागेत जास्त होती. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची रोजीरोटी गेली आणि बहुधा त्याची पायरीही उतरली. त्यामुळे घोडा काय खातो, किती पाणी पितो, लीद कशी टाकतो याकडे घरातल्या लेकरासारखं लक्ष असायचं. मोतद्दार, तोबरा, चंदी, खरारा हे शब्द तिथलेच. पागे आणि पागनीस ही आडनावंही तिथलीच.

चंदी म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक. आपल्याकडे हरभरा आणि कुळीथ. कुळथाला तर इंग्रजीत नावच घोड्याचं आहे. दाण्यानं ताकद येते, पण एकदम जास्त दाणा गेला तर तो मोठ्या आतड्यात भराभर आंबतो, वायू होतो आणि शूळ उठतो. लांबची मजल, उपाशी घोडा, आणि मुक्कामावर पोचताच भरलेला तोबरा, हा जुन्या फौजांमधला नेहमीचा धोका. आपल्याकडे चतुर्थीचा उपास सोडताना जे होतं, त्याचाच हा मोठा भाऊ.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचं. इतिहासाच्या पुस्तकांत ते रयतेच्या काळजीसाठी सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मी ते आहारतज्ज्ञाच्या नजरेनं वाचतो. त्यात सांगितलंय की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच हवी तशी उधळली, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी पडतील आणि मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेला छळू लागाल. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथपर्यंत त्यात बजावलंय. घोडा दुखण्यानं मरण्याआधी व्यवस्थापनानं मरतो, हे त्या पत्रात स्पष्ट आहे. आज पशुवैद्यही पोटशूळ टाळायला पहिली गोष्ट तीच सांगतात: वैरण नियमित ठेवा, खुराक एकदम बदलू नका, दाणा थोडा थोडा द्या.

सालोत्री ते पशुवैद्य

घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे सालोत्री म्हणत. शब्द शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला. अश्ववैद्यकाचा परंपरेनं आद्य मानला जाणारा ग्रंथ त्यांच्याच नावावर आहे. पुढे नकुलाच्या नावावरचं 'अश्वचिकित्सित', जयदत्ताचं 'अश्ववैद्यक' असे संस्कृत ग्रंथ झाले. गावातला सालोत्री मात्र ऐकीव ज्ञानावर चालायचा. हिंग, ओवा, सुंठ, गूळ, तेल. यातलं काही वायूच्या साध्या शुळावर निरुपद्रवी होतं. साधा शूळ पुष्कळदा आपोआपही थांबतो, आणि श्रेय ओव्याला मिळतं. (माणसांच्या दवाखान्यातही हे चालतं, अगदी माझ्याही.)

धोका होता तो पाजण्याच्या पद्धतीत. घोड्याची मान वर धरून बांबूच्या नळकांड्यानं तोंडात तेल ओतायचं. वेदनेनं तडफडणारा घोडा नीट गिळत नाही. तेल श्वासनलिकेत जातं आणि शूळ थांबला तरी घोडा न्यूमोनियानं मरतो. म्हणूनच मी दर वेळी सांगतो की फिट आलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नका. गिळण्याची शुद्ध नसेल तर ओतलेलं फुप्फुसात जातं, जनावर असो की माणूस.

त्या काळात युरोपातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. पानिपत झालं त्याच १७६१ साली फ्रान्समध्ये लियॉन इथे पहिल्या पशुवैद्यक शाळेला राजाची परवानगी मिळाली. इंग्लंडचा 'एक्लिप्स' हा घोडा एकही शर्यत हरला नाही, पण १७८९ मध्ये पोटशुळानं गेला. त्याचं शवविच्छेदन करणारे फ्रेंच पशुवैद्य सेनबेल दोनच वर्षांनी लंडनच्या नव्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख झाले. तिथेही रक्त काढणं, अफूचा अर्क, टर्पेंटाइन असेच उपाय चालत.

आपल्याकडे पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावानं उभारलेल्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. ट्रामच्या, टांग्याच्या, व्हिक्टोरियाच्या घोड्यांचं ते शहर. विद्यार्थ्यांना रोगी शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

नळी, जंत आणि एक ओळखीचं औषध

माझ्या मते खरा फरक एका साध्या नळीनं पडला. नाकातून जठरात लांब नळी सरकवली की साठलेलं पाणी आणि वायू बाहेर येतो. निसर्गानं न दिलेली उलटी माणसानं नळीनं दिली. त्याच नळीतून पॅराफिनसारखं तेल किंवा पाणी सुरक्षितपणे आत सोडता येतं, नळकांड्याचा धोका उरत नाही. आतड्याचा अडथळा झालेल्या माणसाला आम्ही नाकातून जी नळी घालतो ('राइल्स ट्यूब' म्हणून नातेवाइकांना पाठ झालेली असते), तिचं काम हेच.

दुसरा फरक जंतांच्या औषधानं. घोड्याच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत एका जातीच्या जंताच्या अळ्या जाऊन बसत, तिथे गुठळी होई आणि आतड्याचा तुकडाच मरे. १९८१ मध्ये जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन बाजारात आलं आणि हा प्रकार खूप कमी झाला. हो, तेच आयव्हरमेक्टिन, जे २०२१ मध्ये आपल्याकडे घरोघरी कोविडच्या गोळ्यांच्या पाकिटात होतं. जंतांवर आणि आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वावर ते उत्तम औषध आहे. त्याच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. कोविडवर मात्र मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. अमेरिकेत काही लोकांनी घोड्यांची पेस्ट खाल्ली. घोड्याचा डोस पाचशे किलोला असतो, एवढंच म्हणतो.

तिसरा फरक भूल. १९५० च्या दशकात हॅलोथेन आलं आणि पुढच्या काळात घोड्याला उताणं निजवून पोट उघडणं शक्य झालं. पिळलेलं आतडं सरळ करून, मेलेला भाग कापून घोडा जगवता येऊ लागला. पण ते खर्चाचं काम आहे. टेबल, क्रेन, मोठी टीम लागते. रेसच्या घोड्याला ते मिळतं, वरातीच्या घोडीला बहुधा नाही.

रात्रभर फिरवणं

माझ्याकडे पंचवटीतले एक गृहस्थ रक्तदाबासाठी येतात. लग्नाला घोडी देणं हा त्यांचा धंदा. मागच्या सीझनमध्ये आले ते डोळे लाल, प्रेशर भलतंच वाढलेलं. घोडीला शूळ झाला होता आणि दोन रात्री ते तिला फिरवत होते. "झोपू दिली तर आतडं पिळतं म्हणतात ना, डॉक्टरसाहेब?" हा समज खूप जुना आहे आणि त्यात निम्मंच तथ्य आहे. थोडं चालवल्यानं वायू सरकतो, आणि जोरात लोळताना घोडा स्वतःला जखमा करून घेतो, म्हणून लोळू द्यायचं नाही. पण शांत पडून राहिलेल्या घोड्याला ओढून रात्रभर फिरवलं तर तो फक्त थकतो आणि त्याच्यातलं पाणी कमी होतं. पशुवैद्यांनी नळी घातली, तेल सोडलं, वेदनाशामक दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लीद पडली तेव्हा त्यांनी मला फोन केला. पहाटे साडेपाचला!

त्यांच्या घरी आणखी एक सवय होती: घोडी दुखली की उरलेलं 'ब्यूट' द्यायचं. हे औषध, फिनाइलब्युटाझोन, १९४९ मध्ये माणसांच्या संधिवातासाठी आलं होतं. रक्तपेशींवरच्या दुष्परिणामांमुळे माणसांत ते मागे पडलं, घोड्यांत राहिलं. वेदना दाबली जाते, आतडं पिळलेलं असेल तर ते पिळलेलंच राहतं, आणि वर जठरात अल्सर होतात. आपल्याकडे मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरचं हेच आहे. पोट फुगलंय, वारा सरत नाही, शौचाला होत नाही, उलट्या होतायत, आणि आधी पोटाचं ऑपरेशन किंवा हर्निया आहे, असं असेल तर पेनकिलर नको, एरंडेल तर अजिबात नको. अडथळ्यावर जुलाब देणं म्हणजे बंद दारावर गर्दी ढकलणं. सरळ दवाखाना गाठा.

बरं होणं

शूळ गेल्यावर घोडा भुकेनं वेडा झालेला असतो आणि मालक आनंदानं. दोघांनाही आवरावं लागतं. आधी पाणी, मग मूठभर ओलं गवत, काही तासांनी पुन्हा मूठभर. भिजवलेला कोंडा चालतो. दाणा काही दिवस बंद. खुरांवरही लक्ष ठेवावं लागतं, कारण आतड्याच्या आजारानंतर खुराच्या आतल्या थरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. ऑपरेशन झालं असेल तर साधारण महिनाभर तबेल्यात, हातात दोरी धरून थोडं चालवणं एवढंच. दुसरा महिना छोट्या कुंपणात, तिसरा मोकळ्यावर. टाक्यांच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून हा धीर.

आमच्या वॉर्डातही पोटाच्या ऑपरेशननंतर सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न असतो, "गॅस पास झाला का?" पेशंट लाजतो, नातेवाईक त्याच्याकडे बघतात. हळूच "झाला" असं उत्तर येतं आणि आम्ही दोन घोट पाण्याची परवानगी देतो. मग दारापर्यंत मागे मागे येऊन आई विचारते, "डॉक्टर, थोडा शिरा चालेल का?" आज नाही, आई. उद्या भाताची पेज.