परळचें खाजण

मुंबईंत पायधुणी या नांवाची वस्ती आहे. ओहोटीच्या वेळीं चिखल तुडवून आलेले लोक तेथें पाय धूत, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. त्या चिखलाच्या उत्तरेस परळचें बेट होतें. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून उधाणाचें पाणी आंत शिरे आणि परळ-भायखळ्यापर्यंतचा सखल भाग खाजण होऊन जाई. परळला नदी नाहीं. परंतु नदीकांठची पूरभूमि जें कार्य करिते, तेंच हें खाजण करी. पावसाचें पाणी तें पोटांत घेई व ओहोटीबरोबर सावकाश समुद्रास देई.

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत तें खिंडार बांधानें बुजलें. १७८४ च्या सुमारास काम पुरें झालें. जमीन मिळाली, पण ती उंच झाली नाहीं. पावसाळ्यांत पाणी सांचतच राहिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत शहरचा केरकचरा ओतून ही 'फ्लॅट्स' नांवाची सखल जमीन भरण्यांत आली. जेथें शहराचा केर गेला, तेथेंच गिरण्या उठल्या आणि कामगारांचे संसार थाटले गेले; जमिनीच्या जुन्या स्वभावाची चौकशी त्यांना कोण करूं देणार होतें?

बांधानें समुद्र अडला, तसें पावसाचें पाणीही अडलें. मोठ्या भरतीच्या वेळीं समुद्र गटारांच्या मुखांहून उंच असतो. तेवढा वेळ पाण्यास वाट नसते. म्हणून वरळीस लव्हग्रोव्ह येथें पंप बसवावे लागले. त्यांत आतां हवामानाची भर पडली आहे. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं चढली. १९५० ते २०१५ या अवधींत मध्य भारतावरील विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट हें त्याचें एक कारण. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. भरावानें आवळलेल्या मिठी नदीनें तेव्हां आपलें जुनें पात्र परत मागितलें.

परळची पाळी २९ ऑगस्ट २०१७ ला आली. केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरलें आणि आजारी मुलांना वरच्या मजल्यावर हलवावें लागलें. हिंदमाता चौक तर दरवर्षीं बुडतच असे. अखेर महापालिकेनें तेथील पाण्यासाठीं भूमिगत टाक्या बांधल्या. एक दादरला प्रमोद महाजन उद्यानाखालीं, दुसरी परळला सेंट झेवियर मैदानाखालीं. भरती असतां पावसाचें पाणी या टाक्यांत थांबतें, आणि ओहोटी लागल्यावर तें समुद्राकडे सोडलें जातें.