हबशाची ढाल

योद्ध्याचे शस्त्र त्याच्या मुलखातून जन्माला येते. आफ्रिकेतल्या इथिओपियाचेच पाहा. तिथला लढवय्या पाणघोड्याच्या किंवा रेड्याच्या जाड कातड्याची गोल ढाल वापरी. हाती भाला असे; फेकायला आणि भोसकायलाही. शिवाय ‘शोटेल’ नावाची विळ्यासारखी वाकडी तलवार. समोरच्याने ढाल आडवी धरली, तरी तिचे टोक कडेवरून पलीकडे पोहोचे.

याच मुलखात सुमारे १५४८ साली चापू नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बाजारात उभ्या केलेल्या पोराजवळ ना भाला राहतो, ना ढाल. नावही राहत नाही. बगदादमार्गे दख्खनला येईतो चापूचा अंबर झाला होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशीच!

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. तरीही मलिक अंबरने ती बुडती निजामशाही पुढे पाव शतक तगवली. कशाच्या बळावर? मोगलांकडे जड तोफा, हत्ती आणि अफाट फौज. त्यांचे ठाणे आपल्या खानदेशात, बुऱ्हाणपूरला. अंबरने डोंगराचीच ढाल केली आणि चपळ मराठा स्वारांचा भाला. उघड्या मैदानात गाठ पडू द्यायची नाही. दाणावैरण तोडायची, रात्री छापा घालायचा आणि घाटात दिसेनासे व्हायचे. १६२० साली त्याच्या फौजांनी थेट बुऱ्हाणपूरलाच वेढा घातला. १६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

जहांगीर बादशहाचा राग एका चित्रात उरला आहे. अबुल हसनने काढलेल्या त्या चित्रात भाल्यावर अंबरचे तुटके शिर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. हे घडले ते फक्त कागदावर. अंबर १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना वारला. रणात कुणाच्या हाती लागला नाही.

खुलदाबादला त्याची कबर आहे. चाळीसगावहून औटरम घाट चढून कन्नडमार्गे तिकडे जाता येते. घाट चढताना क्षणभर मागे वळून खाली पसरलेला खानदेश पाहावा. डोंगराची ढाल म्हणजे काय, ते तिथे कुणी सांगावे लागत नाही.