कृत्रिम पाऊस खरंच पडतो का? सोलापूरच्या ढगांवरून समजून घ्या 'जटिल प्रणाली'

अक्कलकोट तालुक्यातलं मैंदर्गी कर्नाटक सीमेजवळ, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर बरंचसं पाणी रिकामं करून इकडे येतात. त्यामुळे पावसाने ओढ दिली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: ढग तर आहेत, मग विमानाने पाऊस का पाडत नाहीत?

उत्तर सोपं नाही, कारण ढग ही 'जटिल प्रणाली' आहे.

जटिल प्रणाली म्हणजे काय?

घड्याळात अनेक चाकं असतात, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. जटिल प्रणालीत मात्र घटक सतत एकमेकांना बदलत राहतात. ढगात बाष्प, धूलिकण, तापमान आणि वारा यांचं असंच चालतं. सुरुवातीचा किरकोळ फरकही पुढे मोठा होऊ शकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवलं. अशा प्रणालींच्या अभ्यासासाठीच १९८४ मध्ये अमेरिकेत सांता फे इन्स्टिट्यूट सुरू झाली. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेलही याच विषयाला मिळालं.

सोलापुरात काय झालं?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) 'कायपीक्स' प्रकल्पात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथे प्रयोग केला. ढगांच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले गेले. ढगांचे अभ्यासक, रडार, वैमानिक आणि संख्याशास्त्र, या सगळ्यांची त्यात गरज होती.

संख्याशास्त्र कशाला?

कारण बीजन केलेला ढग एरवीही बरसला असता का, हे एका ढगावरून कळत नाही. म्हणून २७६ ढग निवडले. त्यातल्या काहींत बीजन केलं, काही तसेच सोडले आणि मग तुलना केली.

निष्कर्ष काय?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्के, तर काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढला.

पण सरासरी म्हणजे प्रत्येक शिवाराला मिळणारी हमी नव्हे. बीजनाने नवे ढग तयार होत नाहीत. योग्य ढग असेल तरच त्याचा पाऊस वाढू शकतो. कोरड्या आभाळाखालच्या मैंदर्गीला विमानाचा उपयोग नाही. तिथे आधी पडलेलं पाणी अडवून, जिरवून ठेवलेलं असेल, तर तेच कामी येतं.