कॉइलची जागा

हार्बर मार्गावर कुर्ल्याच्या अलीकडे दोन स्टेशने असलेले कोळीवाडा स्टेशन आता गुरू तेगबहादूर नगर या नावाने ओळखले जाते. वस्तीला मात्र अजून शीव कोळीवाडाच म्हणतात. गाव कोळ्यांचे, फाळणीनंतर पंजाबी निर्वासित येथे आले आणि दोघांच्या शेजारातून ‘कोळंबी कोळीवाडा’ जन्माला आली. याच भागातल्या एका गॅरेजमध्ये आम्ही आमच्या एका स्नेह्यांबरोबर गेलो होतो. त्यांची एक जुनी, दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार तेथे दुरुस्तीला होती. गॅरेजचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, बॉनेट उघडून उभे होते.

“सर, ही कॉइल मी हलवणार,” नाना म्हणाले. “कार्ब्युरेटर गळला तर पेट्रोल सरळ हिच्यावर पडतंय.”

आमच्या स्नेह्यांना ते मान्य नव्हते. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच राहावी, असा त्यांचा आग्रह. कॉइल तिथे बसवणारे इंजिनिअर काय अडाणी होते का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न चांगला होता, आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

प्रथम कॉइल करते काय ते पाहू. शाळेच्या प्रयोगशाळेत जे प्रवर्तन वेटोळे असते, तेच हे. १८३६ साली आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकाने ते प्रथम तयार केले. पॅरिसच्या रूमकॉर्फने १८५१ पासून ते विकण्याजोगे केले. १८५३ साली फिझोने, म्हणजे प्रकाशाचा वेग पृथ्वीवर मोजणाऱ्यानेच, त्याला धारित्र जोडायचे सुचवले. गॅरेजमधला ‘कंडेन्सर’ तो हाच.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. दुय्यम वेटोळ्याचे फेरे प्राथमिकच्या साधारण शंभरपट असतात. मग १२ व्होल्टचे १,२०० व्होल्ट व्हावेत. प्लगला १०-१५ हजार कुठून मिळतात? उत्तर असे की, पॉइंट उघडून धारा एकदम तोडली की स्वयंप्रवर्तनामुळे प्राथमिक वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्ट उभे राहतात. शंभरपट होते ती ह्यांची. धारित्र नसेल तर ही ऊर्जा पॉइंटवरच ठिणगी होऊन वाया जाते.

आता सुरक्षिततेचा हिशेब. प्राथमिक वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ८ मिलिहेन्री आणि धारा ४ अँपिअर धरली, तर साठणारी ऊर्जा ६४ मिलिजूल. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटायला लागते सुमारे पाव मिलिजूल. म्हणजे कॉइलवरचे बूच तडकले, त्यावर तेलकट मळ आणि ओल बसली आणि ठिणगी बाहेरून फुटली, तर तिचा शंभरावा भागही पुरेसा आहे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ देते आणि ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती खाली उतरते. कार्ब्युरेटरच्या खाली ठिणगी नको, हे नानांचे म्हणणे म्हणूनच बरोबर होते.

मग पूर्वीच्या लोकांना हे कळत नव्हते का? कळत होते, पण पुष्कळदा त्यांच्यापुढची निवडच वाईट होती. डाइमलर आणि मायबाख यांच्या १८८३ च्या इंजिनात ठिणगीच नव्हती. एक नळी बाहेरून ज्योतीने तापवून लाल ठेवत आणि तिच्यामुळे मिश्रण पेटे. पुढे हेच इंजिन गाडीवर चढले तेव्हा पेट्रोलच्या शेजारी उघडी ज्योत घेऊन माणसे रस्त्याने जात होती. त्या मानाने कॉइल फारच सभ्य.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये (१९०८ ते १९२७) चार सिलिंडरना चार कॉइली होत्या, लाकडी पेट्यांत बसवलेल्या आणि शाळेतल्या वेटोळ्यासारख्याच थरथरणाऱ्या. त्यांचा डबा चालकासमोरच्या फळीवर असे आणि पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली. १९२६ च्या सुधारित गाड्यांत बहुतेक प्रकारांची टाकी समोरच्या फळीमागे आली, आणि कॉइलींचा डबा तेथून उठून इंजिनावर गेला. कॉइल हलवणे ही नानांची कल्पना नवी नव्हती. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानेच ते करून ठेवले होते.

तोवर दुसरी पद्धत रूढ होत होती. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली अमेरिकेतील डेटन गावी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. एकच कॉइल, एकच पॉइंट आणि ठिणगी पाळीपाळीने चारही प्लगना वाटणारी फिरती चकती, ही त्यांची पद्धत १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. कंपनीच्या नावाची आद्याक्षरे जोडली की होते ‘डेल्को’. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही डेल्को म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणवलेल्या त्याच गाडीचा डेल्को साफ करणे हा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा पावसाळी नित्यक्रम होता. (शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.)

या पद्धतीत कॉइल डेल्कोच्या जितकी जवळ तितकी बरी. उच्च दाबाची तार लांबली की ती स्वतःच एक धारित्र होते आणि ठिणगीची काही ऊर्जा खाते. शिवाय घासण्याची, भाजण्याची, गळण्याची जागा वाढते. डेल्को फिरतो इंजिनाच्या दंडाने, म्हणून त्याची जागा इंजिनाचा ठोकळा ठरवतो. १९६२ च्या लोटस इलॅनमध्ये फोर्डच्या ठोकळ्यावर लोटसने दोन कॅमशाफ्टचे नवे डोके बसवले. डेल्को ठोकळ्याच्या कुशीत होता तिथेच राहिला आणि नवे कार्ब्युरेटर नेमके त्याच्यावर आले. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे तीही पेटणारी. इंजिन म्हणून ते सुंदर होते, याबद्दल वाद नाही.

स्नेह्यांचे मन वळले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. मूळ सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत ही त्यातली अट. कॉइलचा पट्टा एका बोल्टने इकडून तिकडे जातो. जुनी भोके तशीच ठेवली की हवे तेव्हा पूर्ववत करता येते, हे त्यांना पटले.

नानांनी नवी कॉइल मडगार्डच्या आतल्या बाजूला, कार्ब्युरेटरहून वर आणि एक्झॉस्टपासून दूर बसवली. वर हे महत्त्वाचे. सीएनजी किट असते तर हाच विचार उलटा झाला असता, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तो बॉनेटखाली साठू शकतो.

आणि गाडी सकाळी सुरू होईना. झाली तर अडखळे.

आम्ही लगेच निदान केले, तार लांब झाली. कागदावर हिशेबही मांडला. नानांनी निमूटपणे कॉइल दोन इंच पुढे घेऊन तार आखूड केली. काही फरक नाही. मग त्यांनी जुनी कॉइल फडक्याने पुसून आमच्यासमोर ठेवली. तिच्यावर अधिक-उणे खुणा नव्हत्याच, ‘एस.डब्ल्यू.’ आणि ‘सी.बी.’ अशी अक्षरे होती, म्हणजे एक टोक स्विचला, दुसरे पॉइंटला. नव्या कॉइलवर अधिक-उणे होते आणि त्यांच्या पोऱ्याने आजच्या सवयीने अधिक टोक स्विचला जोडले होते. पण त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांप्रमाणे हिच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला होते.

ठिणगी पडत होती, पण उलट दिशेची. प्लगचा मधला दांडा सर्वात जास्त तापतो. तप्त धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो ऋण असावा लागतो. उलट केले तर तेवढ्याच फटीसाठी बराच जास्त दाब लागतो, आणि गार इंजिनात, रात्रभर उतरलेल्या बॅटरीवर, तो मिळत नाही. आम्ही हे वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो.

नानांनी दोन तारांची अदलाबदल केली. आखूड केलेली तार त्यांनी तशीच ठेवली. “तुम्ही सांगितलं ते पण चुकीचं नव्हतं, सर,” असे म्हणून त्यांनी पोऱ्याला चहा आणायला पाठवले.

आज नव्या गाड्यांत ही तारच नसते. १९८० च्या दशकात स्वीडनच्या साब कंपनीने प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉइल बसवली, आणि आता ते सर्रास झाले आहे. सिलिंडरमागे एक कॉइल, मॉडेल टीप्रमाणेच. फक्त चालकासमोरच्या फळीवरून निघून ती प्लगपर्यंत पोचली आहे.