चारशे नावांची भिंत

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया तंजावरला, बृहदीश्वराच्या देवळात. राजराजा चोळानं ते बांधलं, साधारण १०१० मध्ये पूर्ण झालं.

या देवळाच्या भिंतीवर एक तमिळ लेख कोरलाय. त्यात ४०० नर्तकींची नोंद आहे. प्रत्येकीचं नाव, ती आधी कुठल्या देवळात होती, आता कुठल्या गल्लीत कितवं घर मिळालंय, सगळं. शिवाय दरवर्षी किती भात मिळणार तेही. माझा दिवस डेटाबेसमध्ये जातो, त्यामुळे वाचताक्षणी वाटलं, अरे, हा तर एचआरचा टेबल! नाव, आधीचं पोस्टिंग, क्वार्टर, पगार.

'नृत्य म्हणजे भक्ती' असं आपण सहज म्हणतो. इथे त्या भक्तीला नाव, पत्ता आणि मोबदला होता. ती सेवाही होती आणि कामही.

आता आठेकशे वर्षं पुढे या. तंजावरच्या गादीवर आपले सरफोजीराजे भोसले, दुसरे. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत भरतनाट्यमचा आजचा क्रम त्यांनीच बसवला. तेव्हा त्याला 'सदिर' म्हणायचे, आणि नाचायच्या त्या देवदासी.

पण तोवर आणि पुढेही या प्रथेत मुलींचं शोषण होत होतं, हे विसरून चालणार नाही. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची आई याच समाजातली. १९२७ मध्ये त्यांनी मद्रास विधान परिषदेत ही प्रथा बंद करण्याचा ठराव आणला. १९४७ मध्ये कायदा झाला. मुली देवाला वाहणं बेकायदा ठरलं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच कायद्यानं बायकांनी देवळात नाचणंही बेकायदा ठरलं.

मधल्या काळात, १९३५ ला रुक्मिणीदेवी अरुंडेल रंगमंचावर आल्या. नाच प्रतिष्ठित झाला, मोठ्या घरच्या मुली शिकू लागल्या. ज्यांनी तो पिढ्यानपिढ्या सांभाळला, त्या घरांतल्या बहुतेक बायका मात्र मागे पडल्या.

त्यातूनही उभ्या राहिल्या बालसरस्वती. त्या देवदासी परंपरेतल्याच. त्या म्हणायच्या, हा कार्यक्रम म्हणजे एक देऊळ आहे. अलारिप्पू हे गोपुर, मग एकेक मंडप ओलांडत वर्णमला गाभाऱ्यापाशी पोचायचं, आणि शेवटी तिल्लाना, कापूर आरतीसारखा. म्हणजे बघा, देवळाचं दार बंद झालं, तर या बाईनं नाचातच देऊळ उभं केलं!

मला विचाराल तर भरतनाट्यममधली भक्ती खरी आहे. फक्त ती सांगताना या बायकांना वगळू नका. चोळांच्या कारकुनानंही त्यांना वगळलं नव्हतं, एकेकीचं नाव दगडात कोरून घेतलं होतं.

चला, भेटू पुढच्या भागात. तंजावरला गेलात तर ती भिंत नक्की शोधा.